सगळे रिपोर्ट नॉर्मल

ठाण्यातल्या एका हॉस्पिटलच्या कॅथलॅबमध्ये, म्हणजे जिथे हृदयाची अँजिओग्राफी होते तिथे, मी टेक्निशियन आहे. डायबेटिसचा पेशंट टेबलावर आला की मनात आपोआप शेरा उमटतो: पथ्य पाळलं नसणार.

हे काका छप्पन्न वर्षांचे, वागळे इस्टेटमध्ये लेथवर काम करणारे. छातीत कधी दुखलं नाही. स्टेशनचा पूल चढताना दम लागायचा, एवढंच. डायबेटिसने मज्जातंतू बधिर झाले की हृदयाचं दुखणं जाणवत नाही, म्हणून दम आम्ही हलक्यात घेत नाही. पण त्यांची निळी फाइल बघून मीच ढिला पडलो. रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले, प्रत्येकावर लाल पेनाने आकड्याला गोल. चार वर्षं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ६.८ च्या आसपास; एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ७८; किडनीचं क्रिएटिनिन ०.९.

"नॉर्मलच निघेल, सर," मी डॉक्टरांना म्हटलं.

मनगटातून कॅथेटर गेला, सरांनी डाय सोडला. पडद्यावर एलएडी, हृदयाच्या पुढच्या बाजूची मोठी धमनी, उमटली आणि उमटता उमटता बारीक होत गेली. एका जागी ब्लॉक असता तर सवयीचं होतं. ही वरपासून खालपर्यंत खरवडल्यासारखी, टोकाला दोऱ्याएवढी. बाकीच्या दोन्ही धमन्यांची तीच गत. स्टेंट टाकणार तरी कुठे?

"फाइल मागे घे. अजून मागे," सर म्हणाले. तळाशी एक पिवळं पडलेलं पान होतं: एचबीए१सी ११.२. साखर २००९ पासूनची. त्या पानाआधीची वर्षं फाइलमध्ये नव्हतीच.

बाहेर काकूंनी विचारलं, "साखर तर ताब्यात आहे ना, मग हे कसं?"

सर एरवी दोन वाक्यांत आटपतात, त्या दिवशी बसले. म्हणाले, "साखर फार चढलेली असते तेव्हा हाडांच्या मगजात तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या जीन्सवर खुणा पडतात. जीन तीच, पण सूज पेटवणाऱ्या जीन्स चटकन जाग्या होतात. या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून कोलेस्टेरॉल गिळतात आणि फुगून तिथेच अडकतात. साखर उतरली तरी खुणा लगेच पुसल्या जात नाहीत." २०२१ च्या एका प्रयोगात डायबेटिस असलेल्या उंदरांच्या हाडांतला मगज साखर नॉर्मल असलेल्या उंदरांत घातला, तर त्यांच्याही धमन्यांत चरबीचे थर वाढले, हेही त्यांनी सांगितलं.

मुलगा म्हणाला, "मग सूज मारायचंच औषध द्या की!"

"दिलं होतं. २०१७ च्या कॅन्टोस चाचणीत, दहा हजारांवर लोकांना घेऊन. इंटरल्यूकिन-१ बीटा हे सूज पेटवणारं प्रथिन अडवणारं इंजेक्शन. एलडीएल जागचं हललं नाही, तरी हार्ट अटॅक कमी झाले. पण जीवघेणे संसर्ग वाढले. शेवटी या पेशी म्हणजे जंतूंशी लढणारी आपलीच फौज आहे. तुमच्या बाबांना बायपासच."

काकू पदराशी चाळा करत होत्या. "चार वर्षं घरात पुरणपोळी केली नाही मी. फुकटच गेलं म्हणायचं?"

"फुकट कसं? किडनी शाबूत आहे, डोळे शाबूत आहेत. म्हणून तर ऑपरेशन झेपेल."

मी अँजिओची सीडी आणि रिपोर्ट हातात दिला. काकांनी चष्मा लावून तारीख वाचली, फाइल उघडली, सगळ्यात वर लावला आणि मला म्हणाले, "लाल पेन आहे का?"