लाइट-कसोटी: 'किंगडम कम' अखेर टिकला

टिकला! इन्व्हर्टर इको मोडवर, 'किंगडम कम: डिलिव्हरन्स' हा गेम ऐन तलवारबाजीत, मेन स्विच खाली पाडली, आणि कॉम्प्युटरचा टॉवर चालूच राहिला. पुन्हा पाडली, पुन्हा चालू. लाइट गेली की टॉवर बंद पडायचा, दिवाळीपासून छळणाऱ्या या दुखण्याचं मूळ या आठवड्यात हाती लागलं, म्हणून या मालिकेतला रेसिंग गेमांचा भाग पुढं ढकलून आधी हे लिहितोय.

कसोटीचा प्रश्न तोच आहे: खेळता खेळता लाइट गेली तर गेम तुमचं किती घेऊन जातो? परभणी जिल्ह्यात रब्बीच्या दिवसांत हा प्रश्न रोजचा असतो. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज बसतं, कुठं डीपीवर फ्यूज जातो, आणि गेम कोणत्या जातीचा आहे हे कोणी विचारत नाही. सेव्हची व्यवस्था बघितली की गेम बनवणाऱ्याला खेळणाऱ्याच्या वेळेची किती किंमत आहे ते कळतं, या मतावर मी अजून ठाम आहे. ग्राफिक्सवर पानंच्या पानं लिहिली जातात, सेव्हवर मात्र एक ओळ असली तर नशीब.

'किंगडम कम'वर मी इतका अडून का बसलो, ते आधी सांगतो. 2018 चा हा गेम प्रागच्या वॉरहॉर्स स्टुडिओचा. काळ 1403 चा, जागा बोहेमिया, नायक हेन्री हा लोहाराचा पोरगा. त्याला सुरुवातीला वाचताही येत नाही. पुस्तक उघडलं की अक्षरं उलटीसुलटी दिसतात. उझित्झच्या लेखनिकाकडे शिकला की हळूहळू शब्द जुळायला लागतात. वाचायला शिकणं म्हणजे काय, हे इतकं नेमकं दाखवणारा दुसरा आरपीजी (एक पात्र होऊन खेळायचा गेम) मी खेळलेलो नाही.

आणि याच गेमात हवं तेव्हा सेव्ह करता येत नाही. आपल्या पलंगावर झोपा, क्वेस्टच्या ठरावीक वळणाची वाट बघा, नाहीतर 'सेव्हियर श्नॅप्स' नावाची दारू प्या. दारू विकत घेतली तर महाग, घरी करायची तर वाइनमध्ये नेटल आणि बेलाडोना.

ही अट मला मनापासून पटते. बाकीच्या आरपीजींमध्ये आपण शिपायाशी खोटं बोलतो, पकडले गेलो की लगेच जुना सेव्ह उघडतो, आणि जमेपर्यंत तेच करत बसतो. त्यात खोटं बोलण्याला काही वजनच उरत नाही. इथं पकडले गेलात तर दंड भरा, कोठडीत बसा आणि पुढं चला. हेन्रीची गरिबी आणि त्याची भीती या एका अटीवर उभी आहे. अट काढली तर सुंदर जंगलातला फेरफटका तेवढा उरेल. म्हणूनच अमर्याद सेव्हचा मॉड (गेममध्ये बाहेरून बदल करणारी जोड) टाकायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला तरी मी टाकला नाही. कसोटी गेमची आहे, मॉडची नाही.

पण मग आपल्याकडची लाइट. श्नॅप्स करायला किमयेच्या टेबलावर उभं राहायचं, भाता मारायचा, वाळूचं घड्याळ उलटं करून उकळी मोजायची, बेलाडोना खलबत्त्यात कुटायचा. हे सगळं गेम हातानं करायला लावतो आणि ते करण्यात गंमत आहे. सगळं रांगेनं झालं, आता फक्त कुपीत ओतायचं राहिलं, आणि स्क्रीन काळी. ज्या दारूनं सेव्ह होणार होता ती दारूच गेली. नंतरच्या पॅचमध्ये बाहेर पडताना सेव्ह करण्याची सोय आली, पण बाहेर कधी पडायचं हे खेळणारा ठरवतो असं तिनं गृहीत धरलंय. आमच्याकडे ते फीडर ठरवतो.

आता तांत्रिक भाग, जो तुमच्यातल्या निम्म्यांना तरी भोवत असणार.

घरात 900 व्हीएचा शुद्ध साइनवेव्ह (गुळगुळीत लहरीचा) इन्व्हर्टर आहे, 150 एएचची ट्युब्युलर बॅटरी. मागं स्विच: यूपीएस आणि इको. यूपीएसवर ठेवलं की लाइट गेल्यावर बॅटरीवर जायला पंधरा मिलिसेकंदांच्या आत-बाहेर लागतात, टॉवरला कळतसुद्धा नाही. पण या मोडला साधारण 180 ते 260 व्होल्टच चालतात. शेतीसाठी रात्रीच्या पाळीची थ्री फेज असली की आमच्याकडे 165-170 दिसतं. लाइट असूनही इन्व्हर्टर बॅटरीवर जातो, तिथंच राहतो, आणि खरी लाइट जाते तेव्हा बॅटरी रिकामी. आमच्या मिस्त्रींचं एकच म्हणणं, "यूपीएसवर ठिवलं की बॅटरी बसती बगा, इकोवरच ऱ्हाऊ द्या." बॅटरीचा खर्च बघता त्यांचं बरोबर आहे. इको मोड बराच कमी व्होल्टेजही पचवतो, पण अदलाबदलीला चाळीस मिलिसेकंदांपर्यंत घेतो. तेवढ्यात टॉवर रीस्टार्ट.

मधल्या काळात नांदेडहून 600 व्हीएचा स्वस्त ऑफलाइन यूपीएस आणून पाहिला. दुकानदार म्हणाला सगळ्याला चालतो. माझ्या एसएमपीएसला, म्हणजे टॉवरच्या आतल्या सप्लायला, एपीएफसी (लहरीप्रमाणे करंट ओढणारं सर्किट) आहे, आणि या स्वस्त यूपीएसची चौकोनी लहर त्याला सोसली नाही. बॅटरीवर गेला की लोडसकट ट्रिप. परत केला. एपीएफसीचा सप्लाय असेल तर यूपीएसच्या खोक्यावर 'प्युअर साइनवेव्ह' छापलंय का ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, दुकानदार कितीही छातीठोक सांगो. प्युअर साइनवेव्हवाला घ्यायचा म्हणून मी पैसे बाजूला काढून ठेवले होते.

तेवढ्यात वसमतच्या एका मित्रानं सहज विचारलं, "तुझा टॉवर स्टारड्यूला कधी बंद पडला का रे?"

नाही पडला! शेतीचा गेम 'स्टारड्यू व्हॅली' चालू असताना कधीच नाही, चपळ उड्यांच्या 'सेलेस्टे'लाही नाही. तोच इन्व्हर्टर, तोच इको मोड. बंद पडायचा तो 'किंगडम कम' आणि त्याच्यासारख्या जड गेमांना. दोष सेव्हच्या आधी वॅटमध्ये होता.

एसएमपीएसच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये थोडी वीज साठलेली असते. बाहेरची वीज तुटल्यावर तो टॉवरला जेवढा वेळ सांभाळतो त्याला होल्ड-अप टाइम म्हणतात. टॉवरच्या सप्लायसाठीच्या जुन्या एटीएक्स मापदंडात पूर्ण लोडवर तो साधारण 16 मिलिसेकंद धरतात. लोड निम्मा केला की वेळ जवळजवळ दुप्पट. ऑनलाइन मागवलेला वॉटमीटर प्लगला लावला (या छंदात घेतलेली सगळ्यात कामाची वस्तू) आणि आकडे समोर आले. माझा सप्लाय 450 वॅटचा. 'किंगडम कम' मोकाट सोडला की 240 च्या आसपास, म्हणजे होल्ड-अप तीस मिलिसेकंद. इन्व्हर्टरला लागतात चाळीस. टॉवर पडणारच. 'स्टारड्यू'ला सत्तर वॅटही पुरे. तिथं शंभर मिलिसेकंद मिळतात, टॉवर आरामात तरतो. हिशोब ढोबळ आहे. सप्लाय जुना असेल आणि आपल्या उन्हाळ्यात कपॅसिटर सुकले असतील तर वेळ आणखी कमी धरा.

मग उपाय बिनपैशाचा निघाला. रिव्हाट्यूनर या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) 40 ला बांधल्या, सावल्या आणि झाडं दिसण्याचं अंतर एकेक पायरी खाली आणलं. वॉटमीटर 150 वर आला. होल्ड-अप अठ्ठेचाळीस. ड्रायव्हरमधल्या लिमिटरपेक्षा मला रिव्हाट्यूनर आवडतो, फ्रेमचं अंतर तो जास्त सारखं राखतो. 30 वर तलवार जड वाटते, 40 वर हात बसतो. हा गेम दिशा ओळखून वाट बघण्याचा आहे, झटपट बटणं दाबण्याचा नाही, म्हणून 40 त्याला पेलतात. 'सेलेस्टे'ला 40 वर बांधणं मात्र अन्याय होईल, आणि सुदैवानं तिला गरजही नाही.

मग मेन पाडून चाचण्या सुरू केल्या. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे, किती वेळा लाइट घालवायलास? माझी मालिका चालू हाय!" टीव्ही इन्व्हर्टरवर आहे, पण सेट-टॉप बॉक्स दर खेपेला नव्यानं सुरू व्हायचा. पुढच्या चाचण्या मालिका संपल्यावर केल्या. टॉवर प्रत्येक वेळी टिकला. संध्याकाळी किमयेच्या टेबलावर बसून तीन कुप्या भरल्या आणि त्यातली एकही न पिता गेममधल्या रात्टाय गावापर्यंत घोडा नेला. लाइट गेली तरी गेम जाणार नाही हे माहीत असताना ती अट कशी वाटते, ते पहिल्यांदा अनुभवलं. बनवणाऱ्यांच्या मनात जे होतं ते हेच असणार.

यामुळं गेमांना या कसोटीवर क्रम लावणारा आपला तक्ता बदलावा लागणार. आतापर्यंत एकच रकाना होता, आता दोन: 'वीज' आणि 'सेव्ह'. हलका गेम विजेच्या रकान्यात तरतो, त्याचं श्रेय सेव्हच्या रचनेला द्यायचं नाही.

'सेव्ह'च्या रकान्यात 'आउटर वाइल्ड्स' वरच राहतो, आणि आणखी पक्का झाला. 2019 चा हा गेम बावीस मिनिटांच्या फेऱ्यांत चालतो. सूर्य फुटतो, तुम्ही मरता, पुन्हा पहिल्यापासून. सोबत राहतं ते जहाजाच्या नोंदवहीतलं आणि तुमच्या डोक्यातलं ज्ञान. मधेच थांबून परत आलात तर नवी फेरी. यात लाइट काय नेणार? खेळणाऱ्याची कमाई म्हणजे त्याला कळलेली गोष्ट, हे इतकं धीटपणे दुसऱ्या कोणी मांडलेलं नाही.

'हेडीस' (2020) दुसरा. प्रत्येक खोलीच्या दाराशी नोंद होते, गेली तर एक खोली. रोगलाइकमध्ये (मेलं की पहिल्यापासून सुरू होणाऱ्या गेमांत) मरणं हेच कथेचं इंधन करण्याची त्यांची युक्ती आता सगळ्यांनी उचललीय, पण घरी परतल्यावरचे संवाद इतके ताजे ठेवणं कोणाला जमलेलं नाही. 'स्टारड्यू' झोपल्यावरच सेव्ह होतो. गेममधला दिवस सुमारे चौदा मिनिटांचा, म्हणजे तोटा फार तर तेवढा. वर सेव्हच्या फोल्डरमध्ये आदल्या दिवसाची '_ओल्ड' प्रतही असते. एका माणसानं एकट्यानं केलेला गेम एवढी काळजी घेतो, मग मोठ्या स्टुडिओंना काय धाड भरली?

'जीटीए: व्हाइस सिटी' खाली गेला. शहर आजही जिवंत वाटतं, रेडिओ तर विचारूच नका, पण घरी गेल्याशिवाय सेव्ह नाही आणि लांबलचक मिशनमध्ये चेकपॉइंट नाही. 2002 चा काळ होता म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्यात ताण वाढत नाही, नुसती उजळणी वाढते. 'सिल्कसाँग'बद्दलही माझं हेच भांडण आहे. चाल, लढाई, संगीत सगळं अव्वल. पण सेव्ह होतो त्या बाकांपैकी काहींवर बसायलाही मणी (गेममधले पैसे) मोजायचे, आणि बॉसकडं हरल्यावर पुन्हा तीच लांब वाट तुडवायची. त्या वाटेत तिसऱ्या खेपेनंतर शिकण्यासारखं काही उरत नाही. तो बनवणाऱ्या टीम चेरीसारख्या जाणकारांनी हे ठेवावं याचं खरंच वाईट वाटतं.

'व्हॅलोरंट' आणि तत्सम स्पर्धेच्या गेमांना सेव्हचा रकाना लागूच नाही. मधे गळालात तर दंड बसतो. लाइट गेलेल्याला तो बोचतो, पण मागं उरलेल्या चौघांचा सामना नासतो हेही तितकंच खरं. नियम मला मान्य आहे. रँक्ड खेळायचं तर राउटर इन्व्हर्टरवर घ्या आणि फ्रेम बांधा, एवढंच सांगेन.

पुढचा बेत रेसिंगचा होता, पण हे लिहितानाच तो बदलतोय. शाईच्या रिबिनी मोजून सेव्ह करायला लावणारी जुनी सर्व्हायव्हल हॉरर आणि 'किंगडम कम'ची दारू हे एकाच घराण्यातलं आहे, ते शेजारी ठेवून बघायलाच हवं. 'रेसिडेंट ईव्हिल 2' चा 2019 चा रिमेक घेतो: स्टँडर्ड या सोप्या पातळीवर ऑटोसेव्ह मिळतो, हार्डकोर या अवघड पातळीवर तो नाही आणि रिबिनीही लागतात. एकच गेम, दोन्ही अटी, तुलना करायला याहून सोयीचं काय? यूपीएससाठी ठेवलेल्या पैशांतून आता नवा 550 वॅटचा सप्लाय बघतोय. मोठा कपॅसिटर मिळाला तर फ्रेम 50 पर्यंत नेता येतील. होल्ड-अपचा आकडा डेटाशीटमध्ये छापणारी कंपनी कोणती हे कोणाला माहीत असेल तर सांगा, बहुतेक जण लपवतात.

तुमच्याकडे वॉटमीटर असेल तर तीन गोष्टी पाठवा: सप्लाय किती वॅटचा, गेम चालू असताना प्लगवर किती, आणि इकोवर टॉवर टिकला की पडला. सोमवारपासून आमच्याकडे रात्रीची पाळी लागतेय. 165 व्होल्टवर हीच चाचणी पुन्हा करणार. एपीएफसी असल्यामुळं कागदावर फरक पडायला नको, पण बघितल्याशिवाय तक्त्यात लिहीत नाही.