पालखेडचा निकाल खानदेशात लागला होता

पालखेडच्या लढाईवर (1728, बाजीराव पेशवा विरुद्ध दख्खनचा निजाम) मराठीत भरपूर लिहिलं गेलंय, पण त्यात खानदेश दोन ओळींत उरकतात: बाजीराव तापी उतरला, परत आला, पुढे चला. माझ्या मते निजामाचा डाव फसला तो याच दोन ओळींत.

पार्श्वभूमी थोडक्यात. दख्खनच्या सहा सुभ्यांच्या (मुघल प्रांतांच्या) चौथाई-सरदेशमुखीच्या, म्हणजे महसुलातला चौथा आणि वर दहावा हिस्सा वसूल करण्याच्या, सनदा मराठ्यांना 1719 मध्ये मिळाल्या होत्या. खानदेश त्या सहांतलाच. खरा छत्रपती शाहू की कोल्हापूरचा संभाजी, हा वाद उकरून निजामानं वसुली अडवली. 1727 चा पावसाळा सरत असताना बाजीराव निघाला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला जालन्याजवळ निजामाचा सरदार ऐवजखान याच्याशी चकमक, मग माहूर, मंगरूळ, वाशीम, आणि तिथून वायव्येला वळून खानदेश. आता बुऱ्हाणपूर लुटणार, अशी आवई उठवून दिली.

या आवईला भुलला म्हणून निजामाला भोळा ठरवतात, ते पटत नाही. 1720 मध्ये त्यानं स्वतः नर्मदा ओलांडून आधी असीरगड आणि बुऱ्हाणपूर घेतलं होतं, मग दख्खन. उत्तरेकडची ही वेस दुसऱ्याच्या हाती गेली तर काय होतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तो बुऱ्हाणपूरच्या बचावाला सरकला, यात गैर काही नव्हतं. बाजीराव मात्र तिकडे फिरकलाच नाही. डिसेंबरात त्यानं कुकरमुंड्याला तापी ओलांडली. हे ठिकाण बुऱ्हाणपूरच्या पश्चिमेला सरळ रेषेतच दोनशे किलोमीटरांहून लांब आहे, आज गुजरातच्या तापी जिल्ह्यात.

तापी कुठूनही ओलांडता येत नाही. पात्र खोल, दोन्ही काठांना मातीच्या उंच दरडी आणि घळ्या. हजारो घोडी उतरवायची तर दरड जिथे मोडलेली आहे आणि पाणी पोटापर्यंतच आहे असा उतारच लागतो. पावसाळ्यात असे उतार बंद. डिसेंबरात पाणी ओसरलेलं, काळी जमीन वाळून टणक झालेली आणि खरिपाच्या ज्वारीचा कडबा गंजीला लागलेला. म्हणजे नदी, वाट आणि वैरण तिन्ही एकाच वेळी अनुकूल.

वैरणीचा हिशेब करून बघा. घोड्याला दिवसाला आठ-दहा किलो सुका चारा आणि तीसेक लिटर पाणी लागतं. हजार घोड्यांमागे आठ-दहा टन वैरण, तीस हजार लिटर पाणी, तेही रोज. एका गावाच्या विहिरींना आणि गंज्यांना हे झेपत नाही. म्हणून फौज तुकड्यांनी पसरून चालते आणि कहीला गेलेले स्वार आजूबाजूच्या गावांतून दाणा-वैरण आणतात. एका जागी मुक्काम लांबला की कही रोज जास्त लांब जाते, घोडी तिथेच थकतात. (गावाच्या बाजूनं बघितलं तर ही सरळ लूट होती, तेही विसरू नये.) बुणगे (फौजेमागचा बिनलढाऊ लवाजमा) आणि अवजड तोफा नसल्यानं मराठ्यांना दिवसाला चाळीस किलोमीटरची मजल जमायची. बैलांच्या तोफखान्याला दहा-पंधरा म्हणजे डोक्यावरून पाणी.

तिथून बाजीराव अलीमोहनकडे, म्हणजे आजच्या छोटा उदेपूरच्या भागात गेला. गुजरातचा सुभेदार सरबुलंदखान आणि निजाम यांचं वाकडं होतं. तो आपल्याला सामील आहे, अशीही बातमी पसरवली. निजाम पाठलागाला कंटाळून पुण्यावर गेला आणि तिथे संभाजीला छत्रपती म्हणून मिरवलं. बाजीराव पुण्याच्या बचावाला धावला नाही. फेब्रुवारी 1728 च्या मध्यावर तो बेटावदला होता. सुरत-भुसावळ लाईनवरचं आपलं बेटावद, तेच. तिथून कासारबारीच्या वाटेनं थेट गंगापूर-वैजापूरवर, म्हणजे औरंगाबादच्या दारात.

नकाशावर बेटावद ते वैजापूर सव्वाशे-दीडशे किलोमीटर दिसतं. मध्ये सातमाळ्याची रांग आहे आणि खानदेशातून दक्षिणेला जाताना बारी, म्हणजे डोंगरातली खिंड, चढावी लागते. चढावर लादलेली जनावरं एकामागोमाग एक चालतात, एक बसलं की मागची सगळी रांग तुंबते. वरच्या तोंडाशी थोडे बंदुकवाले बसले तरी वाट बंद. ते काम निजामाच्या माणसांनी वेळेत केलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण निजाम तेव्हा पुण्याकडे होता.

औरंगाबाद वाचवायला तो घाईनं निघाला आणि गोदावरी ओलांडताना अवजड तोफा मागे ठेवल्या. पालखेडला त्याचा दाणा आणि पाणी तोडलं गेलं. तोफांवाचून तो वेढा फोडणं त्याला जमलं नाही. 6 मार्च 1728 ला मुंगी-शेवगावचा तह झाला, सहा सुभ्यांची चौथाई-सरदेशमुखी मान्य झाली. संभाजीला हवाली करायला मात्र निजामानं नकार दिला.

जाऊन बघायचं असेल तर एक सूचना: हे पालखेड वैजापूर तालुक्यातलं. निफाडजवळचं, धरणाचं पालखेड वेगळं; फोनवर नुसतं 'पालखेड' टाकलं तर बहुधा तिकडेच पोचाल.