मरदान्याची झाहिरा: एक शाळा आणि तीन भाषा

इजिप्तमधील 1882 च्या उठावाविषयी वाचत असताना मी कोलंबोच्या एका शाळेपाशी येऊन पोहोचेन, असे मला वाटले नव्हते. तेल-अल-कबीरच्या लढाईत इंग्रजांकडून पराभूत झालेला या उठावाचा नेता अहमद ओराबी पाशा आणि त्याचे काही सहकारी यांची फाशी रद्द होऊन त्यांना सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, हद्दपार करण्यात आले आणि जानेवारी 1883 मध्ये ते कोलंबोच्या बंदरात उतरले. इथवरचा इतिहास ठाऊक होता. पुढे जवळजवळ अठरा वर्षे या माणसाने त्या बेटावर काय केले, हा प्रश्न मात्र मला कधी पडला नव्हता. त्याचे एक उत्तर कोलंबोच्या मरदाना भागात आजही उभे आहे. ते म्हणजे झाहिरा कॉलेज. (तिकडे जुन्या शाळांनाही कॉलेज म्हणतात, आपल्याकडील महाविद्यालय डोळ्यांसमोर आणू नये.)

श्रीलंकेतील मुसलमानांची त्या काळची अडचण समजून घेतल्याशिवाय या शाळेचे महत्त्व कळत नाही. अरब व्यापाऱ्यांशी आपले नाते सांगणाऱ्या या समाजाची घरातली भाषा तमिळ, नमाजाची अरबी, आणि बाजारात गाठ पडे ती बहुतांशी सिंहलीशी. इंग्रजी शिक्षण मिळत होते, पण मुख्यतः मिशनऱ्यांच्या शाळांत, आणि तेथे मुलगा पाठवला तर तो धर्माला मुकेल ही भीती घरोघरी होती. बेटाच्या उत्तरेकडील जाफन्यात आरुमुग नावलर या तमिळ पंडिताने हिंदूंसाठी शाळा काढल्या होत्या. अमेरिकन कर्नल ऑल्कट आणि त्यांच्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या पुढाकाराने 1886 मध्ये कोलंबोत बौद्ध मुलांची शाळा सुरू झाली, तीच पुढे आनंद कॉलेज म्हणून नावारूपाला आली. मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लाम या शिक्षणसंस्थेचे काम 1870 च्या दशकातच हाती घेतले होते. सिलोनचे मुसलमान या धावपळीत मागे राहिले होते, आणि ही गोष्ट सर्वांत जास्त बोचली ती कँडीच्या एका वकिलाला.

एम. सी. सिद्दी लेब्बे हे त्यांचे नाव. 1882 मध्ये त्यांनी ‘मुस्लिम नेसन’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून ते आपल्या समाजाला शिक्षणाबद्दल सतत, प्रसंगी कडक शब्दांत, सुनावत राहिले. तमिळमधील अगदी आरंभीच्या कादंबऱ्यांपैकी एक त्यांच्या नावावर आहे. कँडीत त्यांनी मुलींसाठीही शाळा काढली. लेखणी त्यांच्याकडे होती, पण केवळ लेखांनी इमारत उभी राहत नाही. ती उभी करणारा माणूस मिळाला तो वाप्ची मरिक्कार या बांधकाम कंत्राटदाराच्या रूपाने. 1877 मध्ये खुले झालेले कोलंबोचे वस्तुसंग्रहालय त्यांनीच बांधले होते. उद्घाटनाच्या वेळी गव्हर्नर ग्रेगरी यांनी काय हवे ते मागा म्हटल्यावर त्यांनी संग्रहालय शुक्रवारी बंद ठेवावे एवढेच मागितले, अशी कथा आजही सांगतात. ती शब्दशः खरी असो वा नसो, मला या माणसाची ओळख तिच्यातूनच पटली.

लेब्बे यांची तळमळ आणि मरिक्कार यांचा पैसा व कसब यांना ओराबी पाशाच्या नावाचे वजन मिळाले. इंग्रजांशी लढून हरलेल्या माणसानेच इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरल्यावर, ‘इंग्रजी शिकणे म्हणजे शरण जाणे’ असे म्हणणाऱ्यांचे तोंड आपोआप बंद झाले असावे, असे मला वाटते. ऑगस्ट 1892 मध्ये मरदाना मशिदीच्या आवारात ‘अल मद्रसतुल झाहिरा’ सुरू झाली. सिद्दी लेब्बे 1898 मध्ये वारले. ओराबी 1901 मध्ये माफी मिळून मायदेशी परतला.

त्यानंतरची वीस वर्षे संथ गेली. शाळेला खरा आकार दिला तो 1921 मध्ये मुख्याध्यापक झालेल्या टी. बी. जाया यांनी. जाया मलय वंशाचे, अभिजात युरोपीय भाषांचे शिक्षक, आणि त्याआधी बौद्धांच्या त्याच आनंद कॉलेजात शिकवणारे. ते आले तेव्हा विद्यार्थी शंभराच्याही आत होते. 1948 मध्ये त्यांनी शाळा सोडली तेव्हा ती देशातील नामांकित शाळांत मोजली जात होती. गंपोला, मातळे, पुत्तलम, अळुत्गम अशा ठिकाणी झाहिराच्या शाखा निघाल्या आणि कोलंबोबाहेरच्या व्यापारी व शेतकरी कुटुंबांतील मुलांना दार उघडले. याच काळात जाया कायदेमंडळात होते आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळत होते. एकाच माणसाने हे सारे कसे निभावले असेल, याचे नवल वाटते.

त्यांच्या जागी आले ए. एम. ए. अझीझ, सिलोन सिव्हिल सर्व्हिसमध्ये निवड झालेले पहिले मुसलमान. एवढी मानाची सरकारी नोकरी सोडून शाळेच्या खुर्चीत बसणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही. जाफन्यात वाढलेल्या अझीझ यांचे तमिळवर अतोनात प्रेम होते, आणि मुसलमानांनी ही भाषा आपली मानावी यासाठी ते आयुष्यभर झटले. पुढे तमिळचे मोठे समीक्षक म्हणून मान्यता पावलेले कार्तिगेसु शिवतंबी, जन्माने हिंदू, हे याच शाळेत शिकले, आणि नंतर तेथे शिकवतही होते.

पण 1956 मध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा ठरली आणि 1960-61 मध्ये सरकारने अनुदानित शाळा ताब्यात घेण्यास सुरुवात केली. 1961 मध्ये अझीझही शाळेतून बाहेर पडले. गंपोला आणि मातळे येथील झाहिरा आज सरकारी शाळा आहेत. मरदान्याच्या मूळ शाळेत आता सिंहली, तमिळ आणि इंग्रजी अशा तिन्ही माध्यमांचे वर्ग चालतात, आणि कोणत्या वर्गात मुलाचे नाव घालायचे हे प्रत्येक घर आपापले ठरवते.