पोर्तो सांतोला जाताय? बोटीत चढण्याआधी कॉफी पिऊ नका

आमचं विमान पोर्तो सांतो या पोर्तुगीज बेटाच्या धावपट्टीवर टेकलं तेव्हा खिडकीतून तो नऊ किलोमीटरचा पिवळा किनारा सलग दिसत होता. आम्हाला तिथेच जायचं होतं. सहा रात्रींचं हॉटेलही तिथलंच होतं. पण तिकीट फुंशालचं, त्यामुळे उतरू दिलं नाही.

अटलांटिकमधल्या मदेरा बेटसमूहाच्या मुख्य बेटावर फुंशालचा जो विमानतळ आहे त्याला वाऱ्याचं वावडं आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि धावपट्टीचा मोठा भाग चक्क खांबांवर उभा केलेला. वारा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की उतरायला मनाई. मग विमानं शेजारच्या पोर्तो सांतोला पाठवतात, कारण तिथे तीन किलोमीटरची मोकळी धावपट्टी आहे. (बेट अवघं ४२ चौरस किलोमीटरचं. धावपट्टीने ते मधोमध कापलंय म्हणा ना.) पोर्तो सांतोचा विमानतळ १९६० साली सुरू झाला आणि फुंशालचा १९६४ साली. मधली चार वर्षं लोक इथे उतरून बोटीने मदेराला जायचे. आमच्या नशिबी उलटी वाट होती. दोन तास विमानातच बसवून ठेवलं, वारा पडला, पुन्हा उड्डाण, फुंशाल, हॉटेलात एक रात्र पदरच्या पैशाने, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या बोटीने परत इकडे.

आई म्हणाली, "दारात नेऊन माघारी आणलं की गं आपल्याला."

आम्ही तिघं : मी, नवरा आणि माझी आई. आम्ही दोघं इंग्लंडात रेडिंगला राहतो. आई माण तालुक्यातल्या म्हसवडची, वय अडुसष्ट, सहा महिन्यांसाठी आलेली. तिचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा) भारतातूनच करून आणला होता, तुम्हीही तसंच करा. ब्रिटनच्या पाहुणा व्हिसावर इकडे आल्यावर तो मिळवायचा खटाटोप नको. मदेरा म्हणजे पोर्तुगालच, त्यामुळे शेंगेन लागतोच. "छोटंसं तर बेट आहे, कोण बघतंय" असं म्हणणारे भेटतील. बघतात.

आता बोट. खरं म्हणजे हे सगळं मी बोटीसाठीच लिहितेय.

सव्वादोन ते अडीच तासांचा आरामशीर प्रवास, असं आम्हाला सांगितलं होतं. बोट मोठी, पोटात गाड्या घेणारी, स्वच्छ. फुंशालहून सुटलो तेव्हा समुद्र ताटात ओतलेल्या पाण्यासारखा निपचित. आम्ही वरच्या मजल्यावर पुढच्या काचेजवळच्या जागा पकडल्या आणि देखावा बघत नाश्ता केला. दुधाची कॉफी, चीज घातलेला पाव, आणि ती पोर्तुगीज कस्टर्डची पेस्ट्री. नवऱ्याने दोन खाल्ल्या.

शेजारच्या रांगेत काळ्या स्वेटरमधल्या चार आज्या होत्या, घरी परतणाऱ्या. त्यांनी कॉफीला हात लावला नाही. थोड्या वेळाने त्या उठल्या, खाली मधल्या भागात जाऊन बसल्या आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं, म्हाताऱ्या आहेत, झोप आली असेल.

पहिला पाऊण तास बोट मदेराच्या दक्षिण किनाऱ्याला धरून चालते. वारा उत्तरेचा, आणि मध्ये अठराशे मीटरचे डोंगर. त्यामुळे सगळं आडोशाला असतं आणि माणूस फसतो. साव लोरेन्सोचं टोक मागे पडलं की आडोसा संपतो आणि उत्तरेकडून आलेली अटलांटिकची लाट थेट डाव्या कुशीवर बसते. बोट आधी नाक वर करते, मग कुशीवर कलते, मग दोन्ही एकदम. काचेतून एकदा नुसतं आभाळ, एकदा नुसतं पाणी.

माझा नवरा म्हणजे आंबेनळीच्या घाटात एसटीच्या मागच्या सीटवर बसून वडापाव खाणारा माणूस. त्याला कधी गाडी लागलेली मी पाहिली नाही. तो आधी गप्प झाला, मग पिवळट, मग राखाडी. कर्मचारी कागदी पिशव्या वाटत आला तेव्हा त्याने काही न बोलता दोन घेतल्या. मी एक घेतली आणि ती पुरली नाही. सव्वा तास. खालच्या मजल्यावर मुलं रडत होती, कोणाची तरी सुटकेस एकटीच फिरत होती. त्या चार आज्या झोपल्याच होत्या. आणि आईला काहीसुद्धा झालं नाही. तिने फुंशालच्या धक्क्यावरच आलेपाकाची वडी गालात धरली होती आणि नाश्ता 'तिकडे पोचल्यावर बघू' म्हणून टाळला होता.

तर ऐका. गोळी बोट सुटायच्या तासभर आधी घ्या. कुठली ते औषधाच्या दुकानात विचारा, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. लाटा दिसल्यावर घेतलेली गोळी पिशवीतच जाते. खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्यावर बसा, तिथे हेलकावा सर्वांत कमी. पुढची काच देखाव्याला छान आणि पोटाला वैरी. मोबाइल बघू नका, पुस्तक तर नाहीच. कोरडं बिस्किट किंवा भाजके चणे चालतील, दुधाचं काही नको. जीव घाबरा झालाच तर उघड्या डेकवर मागच्या बाजूला जाऊन क्षितिजाकडे बघत बसा, जाकीट घालून. आणि जानेवारीत जायचं असेल तर बोट आहे का ते आधी पाहा, कारण बोट एकच आहे आणि त्या महिन्यात ती काही आठवडे दुरुस्तीला जाते.

फुंशालहून एका दिवसात जाऊन येण्याची सहल सगळीकडे विकतात. करू नका. पाच तास बोटीत, आणि मधले निम्मे तास पोट ताळ्यावर येण्यात. पोर्तो सांतोला तीन-चार रात्री असतील तरच जा, नाहीतर मदेरावरच राहा. मदेरावर वाळूचा किनारा नाही असंही नाही, काल्येता गावी मोरोक्कोहून आणलेली पिवळी वाळू टाकलीय. विकतची असली तरी वाळूच.

बंदरात उतरलो तेव्हा आमचे चेहरे बघूनच एका टॅक्सीवाल्याने भाव ठरवला असावा. विला बालेइरा हे बेटावरचं गाव बंदरापासून जेमतेम दोन किलोमीटर. पाच मिनिटंही लागली नसतील. बारा युरो! मीटर का नाही टाकला विचारलं तर बॅगांकडे बोट दाखवलं. तेव्हा भांडायची ताकद नव्हती. बोटीच्या वेळेला गावात जाणारी बस बंदरातच उभी असते, सुट्या नाण्यांत काम होतं, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. बॅगेला चाकं असतील तर चालतसुद्धा जाता येतं. टॅक्सी हवीच असेल तर बसण्याआधी मीटर दाखवायला सांगा.

पैशांचा विषय निघालाच आहे तर टेबलावरच्या पावाचंही सांगते. हॉटेलात बसलात की न मागता पाव, लोणी, ऑलिव्ह, कधी चीज आणून ठेवतात. आपण समजतो कांदा-लिंबासारखं फुकट. फुकट नाही. त्याला कुव्हेर म्हणतात आणि हात लावलात की बिलात लागतो. पहिल्या रात्री तिघांचे मिळून साडेआठ युरो नुसत्या पाव-ऑलिव्हचे झाले. नको असेल तर आल्या आल्या 'नाव, ओब्रिगादा' म्हणून परत पाठवा (पुरुष असाल तर 'ओब्रिगादू'). न शिवता परत गेलं तर पैसे लावता येत नाहीत, तिकडचा कायदाच आहे.

आईने मात्र भाषेचा प्रश्न परस्पर सोडवला. पाव म्हटलं की पाव येतो, बटाटा म्हटलं की बटाटे. कोबी 'कोव्ह' झाला तरी कळतो. खोलीची चावी तिकडे 'शाव्ह', तीही तिला बरोबर मिळाली. हे सगळे शब्द त्यांनीच आपल्याकडे आणलेले, माहीत असतं आपल्याला, पण वेटर मान डोलावतो तेव्हा गंमत वाटते. फक्त 'पगार' शब्द जपून वापरा. तिकडे त्याचा अर्थ पैसे देणे. आपला पगार येतो, त्यांचा जातो.

शाकाहारी लोकांनी बोलो दो काको मागावा : पिठात रताळं घालून दगडी तव्यावर भाजलेला जाड, चपटा पाव, वर लसणीचं लोणी. मिल्यो फ्रितो म्हणजे मक्याच्या तळलेल्या वड्या, कोथिंबीर वडीची दूरची बहीण. या दोन गोष्टींवर आईचे सहा दिवस निघाले. टोमॅटो-कांद्याचं सूप चांगलं असतं, पण त्यात अंडं सोडतात, आधी विचारा.

दुसरा दिवस आणि चौथा दिवस मस्त गेले, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. वाळू खरंच मऊ आहे, काळ्या दगडाची नव्हे तर शिंपल्यांच्या आणि समुद्री जीवांच्या चुऱ्याची. त्या वाळूत गळ्यापर्यंत पुरून घेतलं की सांधे मोकळे होतात अशी ख्याती आहे. आईच्या गुडघ्यासाठी म्हणून तर हे बेट निवडलं होतं. पण आम्ही गेलो एप्रिलमध्ये, आणि एप्रिलमध्ये ती वाळू तापलेलीच नसते. गार वाळूत गुडघे पुरून काय होणार? समुद्राचं पाणीही अठरा-एकोणीस अंश. नवरा एकदा आत गेला आणि गेला तसा बाहेर आला. पोहायचं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर गाठा, तेव्हा पाणी तेवीस-चोवीसपर्यंत जातं. ऑगस्टमध्ये अख्खं मदेरा इथे सुट्टीला येतं, तो महिना त्यांना सोडा.

पाचव्या दिवशी अंगात आलं आणि मी जाहीर केलं, आज अख्खा किनारा चालायचा. आई पारावर बसावी तशी चौकातल्या बाकावर बसून राहिली, तेच शहाणपणाचं. गावापासून पश्चिमेला पोंता दा काल्येताच्या टोकापर्यंत सपाट वाळूची सात-एक किलोमीटर वाट. जाताना वारा पाठीवर, ओहोटीची ओली घट्ट वाळू, चप्पल हातात, आपण किती तंदुरुस्त आहोत असं वाटायला लागतं. टोकाला खडक, समोर इल्येउ दा काल नावाचं बेट, जिथून पूर्वी चुनखडी काढायचे. तिथे एक थंड पेय प्यायलो आणि मागे वळलो.

मागे वळल्यावर वारा तोंडावर. वाळू डोळ्यांत, दातांत, कानांत. भरती चढायला लागलेली, घट्ट पट्टा पाण्याखाली, उरली ती घोटाभर बुडणारी मऊ वाळू. एक पाऊल पुढे, अर्धं मागे. जाताना दीड तास लागला होता, येताना अडीच. तेही पूर्ण चाललो नाही, शेवटी रस्त्यावर चढून बसची वाट पाहत बसलो. म्हणून सांगते, उलटं करा. बसने आधी पोंता दा काल्येताला जा (बस दिवसातून थोड्याच, वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा), वाऱ्याचा आणि ओहोटीचा अंदाज घ्या, आणि वारा पूर्वेचा असेल तर चालूच नका. बूट घाला. डोळ्यांना गॉगल, शोभेसाठी नव्हे.

पिको दो फाशो हा बेटावरचा सर्वांत उंच डोंगर, ५१७ मीटर. सिंहगडाला दर रविवारी जाणाऱ्यांनी त्याला डोंगर म्हणू नये. कोलंबसाच्या घराचं संग्रहालय अर्ध्या तासात होतं. त्याचा सासरा इथला पहिला कारभारी, त्याने आणलेल्या सशांनी बेटावरची पिकं फस्त केली. बेट आज बोडकं दिसतं त्यात त्या सशांचाही वाटा असावा.

आईला मात्र बेटात सगळ्यात आवडली ती जुनी मातीच्या धाब्याची घरं. इथे पाऊस फार कमी. छपरावर 'सालाव' नावाची चिकणमाती पसरतात. उन्हाळ्यात ती तडकते आणि फटींतून घरात हवा खेळते, पावसात फुगते आणि फटी बुजतात. आई अशा एका घरासमोर बराच वेळ उभी राहिली, मग म्हणाली, "हे तर आपलं माण. फक्त समुद्र जास्तीचा." मग तिने घरमालकिणीला हातवारे करून विचारलं, माती दरवर्षी घालता का. उत्तर काय मिळालं ते आम्हाला दोघांना कळलं नाही, तिला कळलं.

परतताना नवऱ्याने बोटीत पाय ठेवायला साफ नकार दिला. बेटावरून फुंशालला पंख्याचं छोटं विमान जातं, अर्ध्या तासाच्या आत पोचवतं. ऐनवेळी काढलं म्हणून महाग पडलं, आधी काढलंत तर परवडेल. लिस्बनहून थेट पोर्तो सांतोलाही विमान आहे, पुन्हा गेलो तर तसेच जाऊ. बोटीचं तिकीट आम्ही जाऊन-येऊन काढलं होतं, दोन पैसे वाचतात म्हणून. येतानाचे पैसे परत मिळाले नाहीत. तुम्ही एकेरीच काढा.