शेरबूरच्या छत्र्या आणि कुरियरमध्ये अडलेला खोका

ज्या चित्रपटात एकही वाक्य बोललं जात नाही, सगळं गायलं जातं, त्याची डिस्क घेताना आधी ती सुरात आहे का ते बघा. रंग नंतर. फ्रेंच दिग्दर्शक जाक दमींचा १९६४ चा ‘ले पाराप्लुई द शेरबूर’ (शेरबूरच्या छत्र्या) माझा अतिशय आवडता चित्रपट. त्याच्या डिस्कांची तुलना करणारे सगळे रंगांबद्दल, चित्रातल्या दाण्याबद्दल, कव्हरबद्दल भरभरून सांगतात. सुराबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

आपल्या संगीत नाटकात पद संपलं की गद्य येतं, कान जरा विसावतो. इथे ती सोयच नाही. गॅरेजमधला मेकॅनिक गाडी दुरुस्त झाली हे गाऊन सांगतो, छत्रीच्या दुकानातली नायिकेची आई थकलेली बिलं गाते, पेट्रोलपंपावरचा पोऱ्या कोणतं पेट्रोल भरू ते गाऊन विचारतो. अगदी सुरुवातीला गॅरेजमधला एक कामगार म्हणतो, म्हणजे गातोच, की ऑपेरात सगळे सारखे गात असतात, त्यापेक्षा मला सिनेमा बरा. मिशेल लग्रांचं संगीत आधी ध्वनिमुद्रित झालं आणि नटांनी नंतर त्यावर ओठ हलवले. नायिका जनेव्हिएव झालेल्या कातरीन दनवचा आवाज गायिका दानियेल लिकारीचा, नायक असलेल्या मेकॅनिक गीचा आवाज होजे बार्तेलचा. तेव्हा या चित्रपटात माणसं चालतात, वळतात, दार उघडतात ती सगळी लयीवर. लय सरकली की सगळंच सरकतं.

माझ्याकडे बरीच वर्षं ब्रिटनमधली एक जुनी डीव्हीडी होती. मी पेटीवर साथ करते, त्यामुळे कान गप्प बसत नाही. त्या डिस्कबरोबर मुख्य धून वाजवायला गेले की पेटीवर ती कुठे सापडायचीच नाही. एका पट्टीच्या वर, पुढच्या पट्टीच्या खाली. लिकारीचा आवाज जरा जास्तच कोवळा, बारीक वाटायचा. कारण साधं आहे. फिल्म सेकंदाला २४ चित्रांनी चालते. युरोपात आणि आपल्याकडे टीव्हीची जी पाल पद्धत होती ती २५ चित्रांची. डिस्क काढणारे बहुतेक वेळा फिल्म सरळ २५ च्या वेगानं पळवतात. चार टक्के वेग वाढतो, मिनिटामागे जवळजवळ अडीच सेकंद कमी होतात, ९१ मिनिटांचा चित्रपट ८७ मिनिटांत संपतो आणि सूर साधारण अर्ध्या स्वराच्या पाऊणपट वर चढतो. मारामारीच्या चित्रपटात हे कुणाला कळणारही नाही. इथे मात्र ८७ मिनिटं सलग चढ्या सुरात ऐकायचं.

म्हणून अमेरिकेतली आवृत्ती हवी होती. क्रायटेरियन या तिथल्या डिस्क काढणाऱ्या कंपनीनं २०१४ मध्ये दमींच्या सहा चित्रपटांचा संच काढला, त्यात प्रत्येक चित्रपट ब्लू-रेवरही आहे आणि डीव्हीडीवरही. अमेरिकेत पाल नाही, म्हणजे तिथे हा चढलेला सूर नाही. न्यू जर्सीला असलेल्या भाच्याला सांगितलं, त्यानं तिथल्या एका दुकानातून परस्पर माझ्या नावानं वडोदऱ्याला पाठवून दिला. तिथून मुंबईपर्यंत खोका सुखरूप आला. आणि तिथेच बसला.

आधी मोबाइलवर कुरियर कंपनीचा संदेश आला, ओळखीची कागदपत्रं चढवा. आधार चढवलं, स्वतःच्या सहीनिशी. मग पॅन मागितलं, तेही दिलं. मग ईमेल आला की आपला आयात-निर्यात कोड कळवा, त्याशिवाय माल सोडवता येणार नाही. मी शाळेच्या मुलांना पेटी शिकवते, मला कसला आयात-निर्यात कोड! फोन केला तर दर वेळी नवा आवाज, दर वेळी पहिल्यापासून सगळी कथा, आणि शेवटी एकच उत्तर: सिस्टिममध्ये कमर्शियल दाखवतंय. कुणी दाखवलं, का दाखवलं, हे कुणालाच सांगता येईना. कोड काढून घ्या, सोपं असतं, असा सल्ला मात्र सगळ्यांनी दिला. तो कोड धंद्यासाठी असतो, त्याच्या अर्जात धंद्याचं नाव आणि बँकखातं द्यावं लागतं. जो धंदा मी करत नाही त्याची नोंद मी सरकारदरबारी का करावी?

शेवटी अलकापुरीतल्या त्यांच्या ऑफिसात जाऊन बसले. काउंटरवरच्या मुलानं स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाला, ‘‘जुओ बेन, आटली बधी डिस्क! आ तो धंधा माटे ज होय ने?’’ तेव्हा कुठे गाठ सापडली. अमेरिकेतल्या दुकानानं पार्सलवर ‘एक संच’ असं न लिहिता आतल्या सगळ्या डिस्का मोजून आकडा टाकला होता. तो आकडा बघून कुरियरवाल्यांपैकी कुणीतरी ठरवलं की हा विक्रीचा माल. ही बाई एवढ्या डिस्का घरी बघेलच कशाला, असा हिशोब. मी त्याला समजावलं की चित्रपट सहाच आहेत, एकेक चित्रपट दोन प्रकारच्या डिस्कवर आहे, आणि सगळ्या मिळून एकाच खोक्यात, एकाच किमतीला मिळतात. तो ऐकून घेत होता, पण त्याच्या हातात काही नव्हतं. वर मेल टाका, म्हणाला.

मेल टाकले. उत्तरादाखल पुन्हा तोच छापील मजकूर, आयात-निर्यात कोड कळवा. मधल्या काळात गोदामभाडं चढत होतं, आणि ते मला दर मेलच्या तळाशी आठवणीनं कळवत होते. माल त्यांनी अडवायचा आणि जागेचं भाडं मी द्यायचं, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. आठवडे गेले. भाचा फोनवर म्हणायला लागला, ‘‘मावशी, जाऊ दे, परत पाठवू दे त्यांना, मी येताना घेऊन येईन.’’ पण मी हट्टाला पेटले होते. माझं म्हणणं बरोबर होतं आणि ते कागदावर मान्य करून घ्यायचं होतं.

मार्ग निघाला तो असा. परकीय व्यापाराच्या नियमांतच स्पष्ट आहे की व्यापार, उत्पादन किंवा शेतीशी संबंध नसलेली, स्वतःच्या वापरासाठी आणलेली वस्तू असेल तर आयात-निर्यात कोड लागत नाही. हे मी साध्या कागदावर एका पत्रात लिहिलं. खाली सहा चित्रपटांची नावं, प्रत्येकापुढे ‘ब्लू-रे एक प्रत, डीव्हीडी एक प्रत’. त्याखाली, की हा एकच विक्रीसंच आहे, माझ्या घरी बघण्यासाठी आहे, विकणार नाही. सोबत दुकानाचं बिल, भाच्याच्या कार्डावरून पैसे गेल्याचा पुरावा, आणि दुकानाच्या पानाचं छापील चित्र, ज्यात खोका एक आणि किंमत एक हे स्वच्छ दिसतं. मग फोनवर पहिल्या माणसाशी बोलणंच सोडलं. तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल त्यांच्या वेबसाइटच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात असतो, त्या पत्त्यावर सगळं पाठवलं आणि एकच प्रश्न विचारला: कोणत्या नियमाखाली तुम्ही मला कोड मागता ते लेखी कळवा. त्यानंतर ते नियमावर बोललेच नाहीत. नोंद बदलून ‘वैयक्तिक’ केली, सीमाशुल्क भरायचा संदेश आला, भरलं, खोका दारात आला. गोदामभाड्याची रक्कमही बिलातून गायब होती. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो कुणाला सांगून कळायचा नाही.

सीमाशुल्काबद्दल माझी काही तक्रार नाही. ते फक्त वस्तूच्या किमतीवर नसतं, पाठवणीचा खर्चही त्यात धरतात, हे माहीत असू द्या. जड संच मागवताना हिशोब बराच बदलतो.

आणि हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: पाठवणाऱ्याला बजावून सांगा की पार्सलवर ‘बॉक्स सेट, नग एक’ असंच लिही. डिस्का मोजून लिहू नको.

आता तुलना. पहिलं काम मी पेटी काढून केलं. ब्लू-रेवर मुख्य धून लागली आणि पेटीच्या पट्टीवर जवळजवळ बसली. लिकारीचा आवाज खाली आला, भरदार झाला, आणि आईच्या भूमिकेला आवाज देणारी क्रिस्तियान लग्रां आता खरोखर वयानं मोठी बाई वाटते. जुन्या डिस्कवर मायलेकींचे आवाज एकमेकींच्या अंगावर यायचे.

संचातली अमेरिकन डीव्हीडी सुरात आहे, पण तिचा वेगळा दोष आहे. तिथल्या टीव्हीसाठी २४ चित्रांची ३० करताना काही चित्रं जास्त वेळ धरून ठेवतात. त्यामुळे सावकाश सरकणारा कॅमेरा बारीक अडखळतो. पहिल्या भागाच्या शेवटी आगगाडी स्टेशन सोडते आणि कॅमेरा गाडीबरोबर मागे मागे जात राहतो, फलाटावरची जनेव्हिएव लहान होत जाते. त्या जागी ही अडखळ मला सहन होत नाही. ब्लू-रेवर तो प्रवास तेलासारखा गुळगुळीत आहे.

रंगांचं म्हणाल तर या चित्रपटाची मूळ ईस्टमनकलर फिल्म काळाच्या ओघात फिकी पडत जाणारीच होती. दमींनी तीन रंगांच्या वेगवेगळ्या कृष्णधवल पट्ट्या जपून ठेवल्या म्हणून १९९० च्या दशकात रंग पुन्हा उभे करता आले. दमी १९९० मध्ये गेले, ते काम त्यांच्या पत्नी, दिग्दर्शिका आन्येस व्हार्दांनी करवून घेतलं. २०१३ मध्ये पुन्हा डिजिटल काम झालं. फरक बघायचा तर दुकानामागच्या घरातल्या भिंती बघा. कलादिग्दर्शक बेर्नार एव्हँचा भिंतीचा कागद आणि वेशभूषाकार जाकलीन मोरोनं केलेले नायिकेचे कपडे एकमेकांशी जुळवलेले आहेत. माझ्या जुन्या डीव्हीडीवर गुलाबी आणि हिरवा पट्टा एकमेकांत मिसळून मळकट होतात, फुलांच्या नक्षीची कड दिसत नाही. ब्लू-रेवर पट्टा न् पट्टा मोकळा आहे आणि मुलीच्या अंगावरचा कपडा भिंतीत बुडूनही तिचा चेहरा वर तरंगतो. सुरुवातीला वरून दिसणाऱ्या छत्र्यांखालच्या ओल्या फरशीतल्या फटीसुद्धा मोजता येतात.

प्लेअरचं विसरू नका. ब्लू-रेसाठी जगाचे विभाग, म्हणजे रिजन, पाडलेले आहेत; भारत रिजन सीमध्ये येतो आणि अमेरिका एमध्ये, त्यामुळे इथला साधा प्लेअर ती डिस्क नाकारतो. माझ्याकडे सर्व रिजन चालवणारा होता म्हणून निभावलं. कॉम्प्युटरवर बघणार असाल तर डीव्हीडी ड्राइव्हचा रिजन फक्त पाच वेळा बदलता येतो, मग तो कायमचा अडकतो. उगाच प्रयोग करत बसू नका.

युरोपातली डीव्हीडीच परवडत असेल तर कव्हरवरचा वेळ बघा. ८७ मिनिटं लिहिली असतील तर फिल्म पळवलेली आहे. काही ठिकाणी वेग वाढवूनही सूर परत खाली आणलेला असतो, ते कव्हरवरून कळत नाही. तेव्हा ज्याच्याकडे डिस्क आहे त्याला फोनवर दोन मिनिटं ऐकवायला सांगा, आणि ९१ मिनिटांच्या प्रतीतली तीच जागा लगेच लावून बघा. कान असेल त्याला फरक तिथल्या तिथे कळतो. दांडिया बाजारातल्या माझ्या दोन विद्यार्थिनींनी तो पहिल्याच ओळीत ओळखला.