‘रद्द’ लिहिलं आणि गुण गेले: आंतरराष्ट्रीय संबंधांशी माझी दोन वर्षं

२१ सप्टेंबर २०२४. मुंबईतलं केंद्र, दुपारचं सत्र, यूपीएससी मेन्सचा (मुख्य परीक्षेचा) जीएस दोन, म्हणजे सामान्य अध्ययनाचा दुसरा पेपर. आंतरराष्ट्रीय संबंधांचे प्रश्न बहुतेक वेळा नववा-दहावा आणि एकोणिसावा-विसावा असे येतात, त्यामुळे शेवटचे दोन लिहायची वेळ येते तेव्हा मनगट बोलायला लागलेलं असतं. विसावा प्रश्न मालदीववर होता आणि तो बघून मला चक्क आनंद झाला. मालदीवची माझी फाइलच होती! तिथले अध्यक्ष मुइझ्झू, ‘इंडिया आउट’ मोहीम, जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या लक्षद्वीप भेटीवरून तिथल्या उपमंत्र्यांनी केलेली शेरेबाजी, मग आपल्या लोकांनी रद्द केलेल्या सहली. दोन पानं भरली.

प्रश्न होता जागतिक व्यापार, ऊर्जेची वाहतूक आणि सागरी सुरक्षा यांच्या दृष्टीनं मालदीवचं भारताला असलेलं महत्त्व, असा. लक्षद्वीपचं मिनिकॉय बेट आणि मालदीव यांच्यामधून जाणारी आठ अंशांची खाडी, जिथून आखातातून पूर्वेकडे जाणारी जहाजं जातात, तिचा माझ्या उत्तरात एका अक्षरानंही उल्लेख नव्हता. मी बातम्या लिहून आलो होतो.

मध्य आशियाच्या प्रश्नातही तेच. २०१५ चा पंतप्रधानांचा पाच देशांचा दौरा, जानेवारी २०२२ ची पहिली शिखर परिषद, इराणमधलं चाबहार बंदर. तारखा बरोबर होत्या. पण या पाचही देशांना खुला समुद्र नाही, मध्ये पाकिस्तान आडवा आहे, म्हणून इराणशिवाय आपल्याला तिकडे जायला धड रस्ता नाही, ही साधी गोष्ट मी लिहिलीच नाही. ती मला शाळेच्या नकाशावरूनही माहीत होती.

९ डिसेंबरला मेन्सचा निकाल लागला. नाव नव्हतं. मी पुण्यातली पेठेतली खोली मित्रावर सोडून गावी गेलो, वरूडकडे. संत्र्याच्या अंबिया बहाराची तोड संपत आली होती आणि भाव पडलेला होता. एका संध्याकाळी बाबांनी विचारलं, “तुह्या त्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात हे लिवलं हाय का, बांगलादेशनं संत्र्यावर ड्युटी कायले वाढवली?”

मला उत्तर आलं नाही. बांगलादेशची फाइल माझ्याकडे सगळ्यात जाड होती. ५ ऑगस्ट २०२४ ला शेख हसीना देश सोडून गेल्या, मोहम्मद युनूस तिथल्या हंगामी सरकारचे मुख्य सल्लागार झाले, २०१५ मध्ये लागू झालेला भू-सीमा करार, १९९६ चा गंगा पाणीवाटप करार आणि त्याची २०२६ मध्ये संपणारी मुदत, सगळं पाठ. पण आमच्या घरात ज्या एका गोष्टीनं पैसा येतो ती सीमेवर का अडते, याचा मी कधी विचारच केला नव्हता. मग त्या आठवड्यात बसून शोधलं. डॉलर वाचवायचे म्हणून बांगलादेशनं फळांसारख्या ‘गरजेच्या नसलेल्या’ वस्तूंवरचे कर चढवत नेले होते. ते फक्त भारताच्या फळांवर नव्हते, सगळ्याच आयात फळांवर होते. आणि साफ्ता नावाचा दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करार २००६ पासून लागू असला, तरी प्रत्येक देशाला आपापली ‘संवेदनशील यादी’ ठेवता येते, तिच्यातल्या वस्तूंना सवलत नाही. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “म्हंजे दोस्तीचा करार हाय, पन संत्र्यासाठी नाही.” करारांवरचं इतकं नेमकं वाक्य मला कुठल्याही क्लासच्या नोट्समध्ये सापडलं नव्हतं. त्या नोट्ससाठी मी बरेच पैसे मोजले होते, ते सोडा.

जानेवारीत पुण्याला परतलो. नोट्सची अकरा रजिस्टरं कपाटावर ठेवून दिली. रद्दीत घालायचं धाडस झालं नाही.

मग २२ एप्रिल २०२५ आला. दुपारी २०२४ च्या परीक्षेची अंतिम यादी लागली. अभ्यासिकेत ज्याच्या त्याच्या ओळखीचं कुणी ना कुणी तीत होतं, पेढे फिरत होते. आणि त्याच दुपारी पहलगामची बातमी यायला लागली. २६ जण गेले. त्यात सहा महाराष्ट्रातले, दोघे आमच्या पुण्याचेच. पेढ्यांचा बॉक्स टेबलावर तसाच उघडा राहिला, रात्री कुणीतरी झाकण लावलं. माझी गुणपत्रिका नंतर काही दिवसांनी आली. जीएस दोनमध्ये ८८. प्रश्नवार गुण कळत नाहीत, पण मालदीवनं काय केलं असेल ते मला कळलं होतं.

२३ एप्रिलला रात्री परराष्ट्र सचिवांनी निर्णय वाचून दाखवले. खोलीतला मित्र म्हणाला, “सिंधू करार रद्द केला!” मी वहीत लिहिलं: सिंधू पाणीवाटप करार रद्द, २३ एप्रिल २०२५. खाली दोन रेघा मारल्या.

प्रिलिम, म्हणजे पूर्व परीक्षा, २५ मे ला होती. ७ मे चं ऑपरेशन सिंदूर, मग ते चार दिवस, १० मे ची संध्याकाळ. त्या दिवसांत अभ्यास कोणी केला असेल तर त्याला नमस्कार. मी तरी फोन बघत बसलो होतो. प्रिलिम कशीबशी निघाली.

जूनमध्ये टेस्ट सिरीज सुरू झाली. पहिल्याच पेपरात सिंधू करारावर प्रश्न होता आणि मी ठोकून लिहिलं की भारतानं करार रद्द केला. उत्तरपत्रिका परत आली तेव्हा ‘रद्द’ या शब्दाभोवती लाल गोल होता आणि बाजूला तीनच शब्द: ‘कलम १२ वाचा.’ पंधरापैकी चार गुण.

कलम १२ वाचलं. १९६० चा हा करार कराचीत झाला, नेहरू आणि अयुब खान यांनी सह्या केल्या, जागतिक बँक मध्यस्थ होती. रावी, बियास, सतलज आपल्याकडे. सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानकडे. इतकं सगळ्यांना येतं. पण कलम १२ म्हणतं की दोन्ही सरकारांनी त्यासाठी वेगळा करार करून त्याला मान्यता दिल्याशिवाय हा करार संपत नाही. म्हणजे एकट्याला रद्द करायची सोयच त्यात नाही. म्हणून सरकारनं जो शब्द वापरला तो होता ‘अबेयन्स’. पाकिस्ताननं सीमेपलीकडच्या दहशतवादाला दिलेला पाठिंबा विश्वासार्हपणे आणि कायमचा सोडेपर्यंत करार स्थगित. आणि गंमत बघा, आंतरराष्ट्रीय करारांच्या कायद्यावरच्या १९६९ च्या व्हिएन्ना करारात ‘सस्पेन्शन’ आहे, ‘अबेयन्स’ हा शब्द नाही, शिवाय भारत त्या कराराचा सदस्यही नाही. तो शब्द कुणीतरी विचार करून निवडलेला आहे. २४ एप्रिलला पाकिस्ताननंही सिमला करारासकट सगळे द्विपक्षीय करार स्थगित ठेवण्याचा हक्क वापरू असं सांगितलं. ‘हक्क वापरू’ आणि ‘स्थगित करतो’ यातही फरक आहे, तो मला आधी दिसला नसता.

इथून माझी वही बदलली. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे काय घडलं, उजवीकडे कोणी त्याला काय म्हटलं. पहिलं पान १० मे चं केलं. आपल्या परराष्ट्र सचिवांनी सांगितलं की पाकिस्तानच्या डीजीएमओंनी, म्हणजे लष्करी कारवायांच्या महासंचालकांनी, दुपारी ३:३५ ला आपल्या डीजीएमओंना फोन केला आणि संध्याकाळी ५ पासून गोळीबार थांबवायचं ठरलं. ट्रम्प यांनी त्याआधीच अमेरिकेच्या मध्यस्थीनं युद्धविराम झाल्याचं जाहीर केलं होतं. पाकिस्ताननं अमेरिकेचे आभार मानले. घटना एकच, पण तिसऱ्या पक्षाला जागा आहे की नाही हा सिमला करारापासूनचा सगळा वाद त्या उजव्या रकान्यात आहे. आपल्या मराठी पेपरांनी ‘शस्त्रसंधी’ लिहिलं. परीक्षेत तो शब्द वापरायचा की ‘गोळीबार थांबवण्याबाबतची सहमती’ लिहायचं, यावर मी आणि मित्र एक पूर्ण रात्र भांडलो. सहमती जिंकली. लांब आहे, पण सरकारची भूमिका तिच्यात आहे.

मराठी माध्यमात लिहिणाऱ्यांची ही खरी गोची आहे. साहित्य बहुतेक इंग्रजीत आणि शब्दांची बांधणी आपली आपण करायची. चीनचंच घ्या. आम्ही सगळ्याला ‘सैन्य माघार’ म्हणून मोकळे होतो. पण तिथे तीन पायऱ्या आहेत. समोरासमोर उभं असलेलं सैन्य मागे घेणं, मग तणाव उतरवणं, आणि शेवटी सीमेजवळ आणून ठेवलेली जादा कुमक परत नेणं. १५ जून २०२० ला गलवानमध्ये आपले २० जवान गेले. त्यानंतर पँगाँग, गोग्रा, हॉट स्प्रिंग्ज असं एकेक ठिकाण सुटलं आणि २१ ऑक्टोबर २०२४ ला लडाखमधल्या देपसांग-डेमचोकबाबत गस्तीची व्यवस्था ठरल्याचं जाहीर झालं. दोन दिवसांनी रशियात कझानला मोदी आणि शी जिनपिंग भेटले. यातून पहिली पायरी झाली, पुढच्या दोन नाही. ‘माघार पूर्ण’ असं लिहिलं की तपासणाऱ्याला कळतं की या मुलानं मथळा वाचलाय. मी तीन पायऱ्यांसाठी तीन मराठी शब्दप्रयोग ठरवून टाकले आणि परीक्षेपर्यंत बदलले नाहीत. असे करता करता वहीच्या मागे दीड-दोनशे शब्द झाले. करार, सामंजस्य करार आणि संयुक्त निवेदन यांची आधी मी सरमिसळ करायचो. सामंजस्य कराराला तर मी एका टेस्टमध्ये ‘तह’ म्हटलं होतं, जणू पुरंदरला सह्या झाल्या.

गटांवर मी कमी वेळ घालवला. ब्रिक्समध्ये २०२४ ला इजिप्त, इथिओपिया, इराण, यूएई आणि २०२५ ला इंडोनेशिया आले, आमंत्रण असूनही अर्जेंटिनानं नाही म्हटलं. सार्कची शेवटची शिखर परिषद २०१४ ला काठमांडूत, म्हणून आता बिमस्टेक या बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या गटाची चर्चा. एवढ्याला एक पान पुरतं. सदस्यांच्या याद्या पाठ करण्यात पहिल्या वर्षी मी जे दिवस घालवले त्यांचा हिशेब न केलेला बरा.

२३ ऑगस्ट २०२५ ला पुन्हा जीएस दोन. यावेळी ऊर्जा सुरक्षा आणि परराष्ट्र धोरण यांच्यावर प्रश्न आला. मी आधी कच्चा नकाशा काढला: होर्मुझची सामुद्रधुनी, चाबहार, आपला पश्चिम किनारा. कच्च्या तेलाची ८५ टक्क्यांहून जास्त गरज आपण आयातीतून भागवतो, आखातावर भार, कतारशी फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेला वर्षाला ७५ लाख टन एलएनजीचा (द्रवरूप नैसर्गिक वायूचा) २० वर्षांचा करार. मग रशिया. युक्रेन युद्धाआधी दोन टक्क्यांच्याही खाली असलेला वाटा एक तृतीयांशाच्या वर गेला आणि त्यासाठी अमेरिकेनं जादा २५ टक्के शुल्क लावलं. त्या दिवशी ते लागूही झालेलं नव्हतं, २७ तारखेपासून होणार होतं. मी ‘लागू होणार’ असंच लिहिलं. उजवा रकाना कामी आला.

आफ्रिकेशी डिजिटल भागीदारीचा प्रश्न मात्र अंगावर आला. झांझिबारमधलं आयआयटी मद्रासचं केंद्र आणि दूरशिक्षण-दूरवैद्यकाचं जाळं, एवढ्यावर ओढून ताणून दीडशे शब्द केले. संयुक्त राष्ट्रांच्या सुधारणेवरचा बरा गेला. सनदेत बदल करायला दोन तृतीयांश मतं लागतात, आणि वर पाचही कायम सदस्यांची मान्यता. १९६५ मध्ये सुरक्षा परिषद ११ वरून १५ झाली, त्यानंतर काहीच हललं नाही. पूर्व-पश्चिम वगैरे प्रश्नाची भाषा मला जरा भरकटलेली वाटली, पण ते उत्तरात लिहिण्याइतकी हिंमत नव्हती.

यावेळी यादीत नाव होतं. मुलाखत मराठीत दिली, शेजारी दुभाषी बसलेले. एका सदस्यांनी सिंधूच्या पाण्याबद्दल विचारलं. मी बोलता बोलता ‘स्थगित’ म्हणालो आणि दुभाषी अर्धा क्षण थांबून माझ्याकडे बघायला लागले. मी हळूच ‘अबेयन्स’ म्हटलं. सदस्यांनी मान वर केली आणि पुढचा प्रश्न सरळ त्यावरच टाकला: हाच शब्द का? कलम १२ पासून सुरुवात केली. चार-पाच मिनिटं गेली असतील.

मग त्यांनी माझा अर्ज पुढे ओढला. घरी संत्र्याची बाग आहे ना, बांगलादेशनं कर वाढवलाय, मग त्यांचे तयार कपडे आपण सीमेवर अडवावेत का? मी म्हणालो, मे २०२५ पासून जमिनीवरच्या नाक्यांतून ते यायला आपण बंदी घातलीच आहे, त्यानं संत्र्यावरचा कर उतरला नाही, कारण तो कर भारताला उद्देशून नाही, त्यांच्या डॉलरच्या टंचाईतून आलेला आहे. उलट ठरल्याप्रमाणे नोव्हेंबर २०२६ मध्ये बांगलादेश अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडला, तर भारतात त्यांना मिळणारी सवलत नव्यानं बोलावी लागेल. संवेदनशील यादीतली फळं तेव्हा टेबलावर ठेवता येतील.

बाहेर आल्यावर बाबांना फोन लावला. काय विचारलं म्हणाले. संत्री, म्हटलं. त्यांना खरं वाटेना. मी सगळं उत्तर सांगितलं, नोव्हेंबर २०२६ पर्यंत. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

“मंग ड्युटी कमी होईन का?”

“ते नाही विचारलं त्यांनी.”

“मी इचारून राह्यलो ना,” बाबा म्हणाले.