पाचशेवर ठेव, सिस्टर

सकाळी साडेसातला नाइट संपली, घरी येऊन चहा टाकला आणि लॅपटॉप उघडला तर कालचं लेक्चर तसंच अर्धवट थांबलेलं, मॅडमचं तोंड उघडं आणि खाली व्हेंटिलेटरचा ग्राफ. तर हो, क्रिटिकल केअर नर्सिंगचं ग्रॅज्युएट सर्टिफिकेट करतेय, ऑनलाइन, चाळिशीला टेकताना. मिरजेची मैत्रीण म्हणाली, अगं इतकी वर्षं आयसीयूत काढलीस, आता काय शिकायचं राहिलंय? खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

मेलबर्नला यायला एनक्लेक्स, म्हणजे नर्सिंगची कॉम्प्युटरवरची परीक्षा दिली, मग अॅडलेडला जाऊन ऑस्की, म्हणजे प्रॅक्टिकल, इंग्लिशची परीक्षा वेगळीच. तेव्हाच ठरवलेलं की आता परीक्षा बास. पण इथल्या क्रिटिकल केअर नर्सेसच्या कॉलेजचं स्टँडर्डच आहे की युनिटमधल्या निम्म्या तरी नर्सेसकडे पीजी क्वालिफिकेशन असावं. आमच्याकडे ते नसलं तरी ड्युटी मिळते, फक्त एक्मोचा, म्हणजे रक्त बाहेर काढून मशीनने ऑक्सिजन घालून परत देतात तो पेशंट कधी तुमच्या वाट्याला येत नाही. मग गप भरला फॉर्म.

ऑनलाइन म्हणजे घरी बसून व्हिडिओ बघायचे आणि सर्टिफिकेट घ्यायचं असं नाही हां. माझ्या कोर्सला आयसीयूत नोकरी चालू असलीच पाहिजे, एज्युकेटर बेडजवळ उभी राहून एकेक कॉम्पिटन्सी सही करून देते, थिअरी तेवढी लॅपटॉपवर.

आता मुद्द्याचं सांगते. दुसऱ्याच आठवड्यात एआरडीएसचं, म्हणजे दोन्ही फुफ्फुसं सुजून पाण्याने भरतात त्या आजाराचं लेक्चर होतं आणि मला एकदम २००९ आठवलं. स्वाइन फ्लूची साथ, मी जीएनएमची, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाची साडेतीन वर्षं संपवून नवीन नवीन लागलेली. एक मावशी आल्या, बुटक्या, अंगाने भरपूर, ऐंशी किलोच्या तरी असतील. इन्ट्युबेट केलं, म्हणजे घशातून श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटरला जोडलं, आणि रेसिडेंट सर जाता जाता म्हणाले, पाचशेवर ठेव सिस्टर. टायडल व्हॉल्यूम ५०० एमएल, म्हणजे एका श्वासाला मशीन तेवढी हवा आत ढकलणार. मी ठेवलं. बाई मोठ्या आहेत, हवा जास्तच लागणार, असं मनात आलेलंही आठवतंय.

लेक्चरमध्ये फॉर्म्युला आला, टायडल व्हॉल्यूम ज्या हिशोबाच्या वजनावरून ठरवायचा ते वजन काढायचा. बाईसाठी ४५.५ अधिक ०.९१ गुणिले (सेंटीमीटरमधल्या उंचीतून १५२.४ वजा). पेशंटचं खरं वजन कुठेच नाही! माणूस जाड झाला म्हणून फुफ्फुस मोठं होत नाही, ते उंचीवर आणि बाई की पुरुष यावर जातं. एवढी साधी गोष्ट. मावशींची उंची दीडशे सेंटीमीटर धरली तर हिशोबाचं वजन येतं साधारण ४३ किलो, आणि किलोला ६ एमएल धरले तर २६०. आम्ही देत होतो ५००. एआरडीएसमध्ये फुफ्फुसाचा थोडाच भाग उघडा असतो, सगळी हवा त्या बिचाऱ्या तेवढ्याच भागात घुसते आणि तो चांगला भागही ताणून खराब होतो. अमेरिकेतला मोठा ट्रायल आहे २००० सालचा, ८६१ पेशंट, अर्ध्यांना किलोला १२ एमएल आणि अर्ध्यांना ६. बाराच्या गटात जवळजवळ ४० टक्के गेले, सहाच्या गटात ३१. आमच्या मावशींचा आकडा काढला तर साडेअकरा. म्हणजे पेपर छापून नऊ वर्षं झाल्यावर आम्ही बाराचाच गट चालवत होतो, आणि चार्टवर दर तासाला ५०० लिहिणारी मी होते.

मावशी वाचल्या. पंधरा-वीस दिवसांनी चालत घरी गेल्या, जाताना पेढे दिले. त्यामुळेच कुणी कधी काही विचारलं नाही.

पहिल्या असाइनमेंटला हेच लिहिलं, दीड हजार शब्द, जीव ओतून. मार्क आले काठावर आणि खाली शेरा, काय केलं ते सांगितलंत, का केलं ते कुठाय? आम्ही जीएनएमला प्रोसिजर पाठ करून लिहिणारी माणसं हो, ट्रेमधल्या वस्तूंची यादी झोपेत विचारा. ‘का’ हा कॉलमच नव्हता वहीत. परत लिहिलं, तेव्हा कुठे जमलं. रेफरन्सिंगचं मात्र अजून डोकं फिरतं, स्वल्पविराम चुकला म्हणून मार्क कापणं हे माझ्या मते निव्वळ छळ आहे.

भारतातून मेसेज येतात, आम्हालाही असं ऑनलाइन करता येईल का. डिस्टन्सने केलेली एमएस्सी नर्सिंग इंडियन नर्सिंग काउन्सिल मानत नाही, तेव्हा कुणी तसलं काही विकत असेल तर पैसे भरू नका. तिकडे क्रिटिकल केअरचा नर्स प्रॅक्टिशनर कोर्स आहे दोन वर्षांचा, रेसिडेन्सी, बहुतेक वेळ बेडजवळच, तो बघा.

बाकी एवढंच की आता युनिफॉर्मच्या खिशात मोजायची टेप असते. नवीन पेशंट आला की आधी डोक्यापासून टाचेपर्यंत मोजते. परवा एक नवीन ज्युनियर विचारत होती टेप कशाला, तिला तिथेच पेपर टॉवेलवर गणित करून दाखवलं, पंधरा मिनिटं गेली. पुढची असाइनमेंट डिलिरियमवर, म्हणजे आजारपणात पेशंट अचानक गोंधळतो, बरळतो त्यावर आहे, रविवारी रात्री ११:५९ पर्यंत, आणि शनिवारी परत नाइट लागलीय.